बारा बोटं मुडप

यंदा जूनमध्ये शाळेत आशा मोजायचं काम माझ्याकडे आलं.

वरून छापील कागद आले होते. आठवीच्या मुलांनी ते भरायचे. सहा वाक्यं, आणि प्रत्येकासमोर ‘कधीच नाही’पासून ‘नेहमी’पर्यंत गोल. अडचण आली तरी मला वाट सापडते, पुढचं वर्ष चांगलं जाईल असं मला वाटतं, अशा धर्तीची वाक्यं. मुलांनी गोल काळे करायचे, बाईंनी बेरीज करायची, की मुलात आशा किती ते कळलं! मी गणिताची बाई. निवृत्तीला दोन वर्षं उरलीत. मोजमाप म्हटलं की हेडबाई इकडे तिकडे न बघता थेट माझ्याकडे बघतात. मुलांची उंची, वजन, बाकांची लांबी, गॅदरिंगच्या स्टेजची रुंदी, सगळं मी मोजलेलं आहे. तेव्हा आशाही मोजू, म्हटलं. काय अवघड आहे?

कागद वाटले. वर्गात पंधरा मिनिटं चांगली शांतता होती. मग तिसऱ्या बाकावरची तन्वी उठून टेबलाशी आली. बारीक चणीची मुलगी, वर्गात फारसं बोलत नाही. तिने सहाही वाक्यांना ‘कधीच नाही’ केलं होतं. मी कारण विचारणार, तेवढ्यात तिनेच विचारलं.

“बाई, पेन्सिलीने भरलं तर चालेल ना?”

“नाही, पेननेच. वर लिहिलंय बघ.”

“मग मी नंतर देते,” ती म्हणाली आणि कागद घेऊन जागेवर गेली. तास संपला, सगळ्यांचे कागद आले, तिचा आला नाही.

मधल्या सुट्टीत मी डबा उघडून बसले आणि तिच्या त्या प्रश्नावर अडकले. सहाच्या सहा ‘कधीच नाही’, आणि वर पेन्सिल कशाला? समोरच्या पटांगणात नव्या युनिफॉर्ममधली पोरं धावत होती. हल्ली सगळे कपडे तयार मिळतात, नंबरावर. अंगाला चापूनचोपून बसतात आणि दिवाळीनंतर आखूड होतात. खालच्या शिवणीत अर्धा इंच कापड दुमडलेलं असतं, तेही नाइलाजाने ठेवल्यासारखं. ते बघता बघता मला माझा आठवीतला स्कर्ट आठवला. आशा मोजायची एक पद्धत आमच्या चाळीत फार पूर्वीपासून होती, आणि तिला कागद लागत नसे, बोटं लागत.

लालबागला आमची चाळ. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी तिथे दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत मापं घ्यायचा कार्यक्रम असे. जिन्याखाली मशीन घेऊन बसणारे नाना टेलर त्या दिवशी वर येत. गळ्यात टेप, कानावर पेन्सिल, काखेत वही. चाळीतली झाडून सगळी पोरं रांगेत. प्रत्येकाच्या मागे आई, आईच्या हातात कापडाचं पुडकं. नाना कंबर, छाती, उंची घेत आणि शेवटी मान वर करून आईला विचारत, “किती बोटं?”

हा खरा प्रश्न. स्कर्टच्या किंवा पँटच्या खाली आतून किती बोटं कापड मुडपून ठेवायचं, म्हणजे पोर वाढलं की ते उसवून सोडता येईल. सगळ्या आया एकच वाक्य म्हणत, “वाढत्या अंगाचा शिवा हो नाना.” पण आकडा ज्याचा त्याचा. दोन बोटं म्हणजे यंदापुरतं. चार बोटं म्हणजे पुढच्या वर्षीसुद्धा. आमच्या मजल्यावरची एक बाई दर वर्षी पाच सांगायची आणि तिचा मुलगा काही केल्या वाढायचा नाही. तिने तरीही पाच सोडली नाहीत. नाना हसून लिहून घेत.

तर गोष्ट आहे संपाच्या वर्षातल्या जूनची. जानेवारीत गिरण्या बंद पडल्या तेव्हा आम्हा पोरांना खरं सांगायचं तर मज्जा वाटली होती. दिवसाउजेडी वडील घरात, हेच एक नवल. पाळ्यांमुळे एरवी ते आम्हाला झोपलेले तरी दिसत नाहीतर दाराबाहेर पडताना. आता गॅलरीत बाकड्यावर ओळीने वडील बसलेले असत. कुणी तांदूळ निवडतंय, कुणी लसूण सोलतंय, कुणी तिसरीतल्या पोराला पाढे विचारतंय आणि सतरा साते काय ते स्वतःच विसरतंय. माझे बाबा साळखात्यात, म्हणजे मागावर होते. हाताला चाळा नसला की बेचैन व्हायचे. त्यांच्याकडे इंचात किती तार बसतात ते मोजायचं एक लहानसं घडीचं भिंग होतं. ते घेऊन ते घरभर फिरायचे. चादर, टॉवेल, शेजाऱ्यांचे पडदे. “ह्यात तार चोरल्यानी,” असं म्हणून मान हलवायचे. पडदेवाल्या काकू एकदा चिडून म्हणाल्या, “तुमचा संप मालकाशी आहे का माझ्या पडद्याशी?” सगळी गॅलरी हसली आणि बाबाही हसले.

एप्रिल-मेपर्यंत हसणं थोडं पातळ झालं. खोल्यांना कुलपं दिसायला लागली. कोकणातली आमची माणसं, एकेक घर ट्रंक बांधून गावाला निघालं. सातवीचा निकाल लागला. मी वर्गात पहिली आले होते आणि गणितात तर एकच मार्क गेला होता. निकाल घेऊन घरी आले तेव्हा आई तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. तिने कागद डाव्या हाताने धरला, बघितला, फळीवरच्या डब्याखाली नीट ठेवला आणि बाबांना म्हणाली, “सातवी झाली, खूप झाला. दसऱ्याआधी गावाक जावया.”

बाबा म्हणाले, “बघूया.”

गावच्या शाळेत सातवीपर्यंतच वर्ग होते. पुढची शाळा खाडीपलीकडे, आणि खाडी ओलांडून शाळेत जाणारी मुलगी आमच्या वाडीत तेव्हा एकही नव्हती. म्हणजे गावाला जाणं म्हणजे शाळा संपणं, हे मला लख्ख कळत होतं. आई दिवसातून एकदा तरी तेच म्हणायची. बाबा “बघूया”च्या पुढे जायचे नाहीत. मी आईवर असा राग धरला की तिच्या हातची सोलकढीसुद्धा नको म्हणाले. सोलकढी नको म्हणणं ही आमच्या घरात मोठी गोष्ट होती.

तरी शाळा उघडल्यावर दसऱ्यापर्यंत तर युनिफॉर्म लागणार होताच. आठवीपासून आमच्या शाळेत निळा स्कर्ट आणि पांढरा ब्लाउज. आई मला घेऊन हिंदमाताला गेली. दुकानांच्या बाहेर साड्या लटकलेल्या, आत ताके उलगडल्याचा धपधप आवाज, आणि नव्या कापडाचा तो खळीचा वास. तो वास मला अजून कुठे आला तरी माझ्यात नवीन इयत्ता चालू होते. दुकानदाराने निळं टेरिकॉट काढलं. आईने चिमटीत धरून चुरगाळलं, सोडलं, परत चुरगाळलं. घासाघीस रीतसर झाली. आई म्हणाली, “दोन मीटर.” दुकानदाराने मोजलं, कात्री लावली, आणि आई एकदम म्हणाली, “थांबा. अडीच द्या.”

आई दुकानात सांगितलेला आकडा कधी बदलत नसे. मी तिच्याकडे बघितलं. ती दुसरीकडेच, एका जरीच्या साडीकडे बघत होती.

रविवारी मापं होती. त्या वर्षी रांग निम्मीच भरली. आम्हा पोरांना मात्र त्या रांगेचा अर्थ नव्यानेच लागला होता. कुणाच्या आईने किती बोटं सांगितली ते आम्ही कान टवकारून ऐकत होतो, कारण आम्ही ठरवूनच टाकलं होतं की चार बोटंवाले राहणार आणि दोन बोटंवाले जाणार. समोरच्या खोलीतल्या दिन्याच्या आईने चार सांगितली तेव्हा दिन्याने मागे वळून आम्हाला अंगठा दाखवला. माझी मैत्रीण मंदा, तिच्या आईने सरळ सांगितलं, “मुडप नकोच, कापड पुरत नाही.” मंदाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मी तिचा हात धरला, आणि मग माझा नंबर लागला.

नानांनी मापं घेतली, पुडकं उघडून बघितलं. “वहिनी, कापड जास्त आहे. किती बोटं?”

सगळी गॅलरी ऐकत होती. निदान मला तसं वाटलं.

“दोन बोटां पुरे,” आई म्हणाली. “उरलेला कापड परत द्या, पिशवी शिवीन.”

पिशवी! माझी शाळा जाणार आणि तिच्या कापडाची पिशवी होणार. मी तिथून पळाले ती थेट गच्चीवर. पाण्याच्या टाकीमागे बसून मनसोक्त रडले. मंदाही आली. तिला शून्य बोटं, मला दोन. ती म्हणाली, “शकू, तुला निदान दोन तरी आहेत गं.” त्यावर आम्ही दोघी रडता रडता हसायला लागलो, कारण नुकतीच परीक्षा झाली होती आणि आम्हाला मार्कांची तुलना करायची सवय होती.

संध्याकाळी जिन्यातून उतरताना बाबा नानांच्या मशीनजवळ उभे दिसले. भिंगातून माझं कापड बघत होते. मी वरच्या पायरीवर थांबले.

“नानू, ह्या कापड आटता,” बाबा म्हणाले. “धुतल्यावर आटता. चार बोटां वाढव.”

नाना म्हणाले, “अरे, हे टेरिकॉट आहे.”

“माका शिकवतंस? पंधरा वर्षां मागावर काढलंय. आटता म्हणजे आटता.”

नानांनी वही उघडली आणि लिहिलं. मी उड्या मारत परत वर गेले. दोन आणि चार सहा! आपलं गणित पक्कं होतं. मनात म्हटलं, बाबा आपल्या बाजूचे आहेत. आई नाही.

आठ दिवसांनी स्कर्ट आला. आईने तो माझ्या कमरेला लावला आणि तो घोट्यापर्यंत गेला. शेजारच्या दोन काकू बघायला आल्या होत्या, त्या भिंतीला टेकून हसल्या. नानांनी मुडप घालायची बाकी ठेवली होती, “अंगावर बघून घाला” असा निरोप पाठवला होता. आईने बोटं लावून मोजलं. मीही मोजलं. बारा बोटं! जवळजवळ वीतभर.

“नानांका काय कळता काय नाय? ह्या काय शिवल्यानी?” आई कडाडली. मग सुईदोरा घेऊन बसली आणि ती सगळी बारा बोटं आतून दुमडून एकेक टाका घालत राहिली. घट्ट घातले नाहीत, उसवायला सोपे जातील असे लांबलांब. बाबा भिंतीला टेकून बसले होते. म्हणाले, “असांदे. कापड आटता.” मी खाली मान घालून हसले. माझ्या हिशेबाने सहाच व्हायला हवी होती. बाराचं कोडं मला सुटलं नाही, पण आलेल्या उत्तराशी भांडायची ती वेळ नव्हती.

त्या स्कर्टने शाळेत माझी फार शोभा केली. एवढ्या मुडपीमुळे खालचा घेर जड झाला होता आणि चालताना पोटऱ्यांवर फटफट वाजायचा. मी वर्गात येतेय हे वर्गाला आधीच कळायचं. आणि कापड? ते एक सूतभरही आटलं नाही. टेरिकॉट कधी आटत नाही. आयुष्य मागावर काढलेल्या माणसाला, भिंग लावून तार मोजणाऱ्या माझ्या बाबांना हे माहीत नसणं शक्यच नव्हतं. हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं आणि बसल्या जागी हसू आलं. संपाच्या पाचव्या महिन्यात ‘पोरगी शिकणार’ असं म्हणायला त्यांची जीभ उचलत नव्हती, म्हणून ते ‘कापड आटतं’ म्हणाले होते.

दसरा आला आणि गेला. आम्ही गेलो नाही. बाबांनी शिवडीला एका गोदामात काम धरलं, पोती मोजायचं. तिथेही भिंग खिशात असायचंच. गिरणी पुन्हा काही त्यांच्यासाठी उघडली नाही. घरात आनंदीआनंद होता असं मी म्हणणार नाही, पण सोलकढी मात्र मी परत प्यायला लागले होते. आमच्या बोटांच्या भविष्याचं म्हणाल तर ते साफ चुकलं. चार बोटंवाला दिन्या गणपतीनंतर गावाला गेला आणि तिथेच आंब्याच्या कलमांत रमला. हल्ली मे महिन्यात मला पेटी पाठवतो. शून्य बोटंवाली मंदा लालबाग सोडून हललीच नाही. आमच्या चाळीच्या जागी टॉवर झाला, त्याच्या तेविसाव्या मजल्यावर ती राहते आणि वरून मला फोन करून सांगते की खाली फार गर्दी आहे.

नववीच्या जूनमध्ये आईने चार बोटं उसवून सोडली. सोडलेला भाग गर्द निळा आणि वरचा धुऊन विटलेला, त्यामुळे स्कर्टला एक पट्टा आला. दहावीच्या जूनमध्ये दुसरा. मुली मला ‘पट्टेवाली’ म्हणायच्या. मला त्याचं काही वाटेना. उलट मी बाकावर बसले की स्कर्ट गुडघ्यावर नीट पसरून ते पट्टे बघायची. हा मागच्या वर्षीचा, हा यंदाचा. आणि आत अजून थोडं शिल्लक.

जानेवारीत शाळेने दहावीच्या वर्गाचा ग्रुप फोटो ठरवला. तोपर्यंत मी परत उंच झाले होते. आई कामात होती म्हणून मी स्वतःच नानांकडे गेले, म्हटलं, उरलेली सगळी मुडप सोडून कडेला नुसती टीप मारा. नाना चष्मा कपाळावर ठेवून उसवत बसले. उसवता उसवता गालात हसायला लागले.

“बारा बोटं ठेवली होती मी. संपली बघ शेवटची.”

“नाना, बाबांनी चारच सांगितलेली,” मी म्हणाले. “मी ऐकलंय जिन्यातून. आणि आईने दोन. बारा कुठून आली?”

“तुझ्या वडलांनी चारच सांगितली. मग दुसऱ्या दिवशी दुपारी तुझी आई आली होती, एकटीच. मला म्हणाली, नाना, त्या पिशवीचं काही मनावर घेऊ नका. सगळं कापड स्कर्टालाच लावा. मॅट्रिकपर्यंत पुरलं पाहिजे. मी विचारलं, वहिनी, मग काल सगळ्यांसमोर दोन का म्हणालात? तर म्हणते, देवाक ऐकाक येयत इतक्याच बोला, चाळीक नको.” नानांनी दोरा दाताने तोडला. “सहा बोटं सांगून गेली. मी वहीत बेरीज केली. दोन, चार आणि सहा. मला काय माहीत एकमेकांना न सांगता आलेत ते!”

मी तिथेच, जिन्याच्या पायरीवर बसले. तीन वर्षं मी आईवर मनातल्या मनात धरून ठेवलेला राग कुठे ठेवावा ते मला कळेना. हिंदमाताच्या दुकानातलं ते “थांबा, अडीच द्या” आठवलं. म्हणजे तिने नानांना सांगायच्या आधी, मापांच्या आधी, बाबांच्याही आधी ठरवलं होतं. गावाला जाऊया म्हणत होती तेव्हाच तिने माझी दहावी हातावर बोटांनी मोजून ठेवली होती. दृष्ट लागेल म्हणून तिने ती सगळ्यांपासून लपवली, आणि सगळ्यांत जास्त माझ्यापासून.

वर गेले तेव्हा आई मोरीशी बसून बांगडे साफ करत होती. मी स्कर्ट घालूनच उभी राहिले, चार रंगांचा. सांगायचं खूप होतं. तोंडातून एवढंच निघालं, “आई, मुडप संपली.”

तिने वर बघितलं. स्कर्टाकडे बघितलं, मग माझ्याकडे. नाना बोललेत हे तिच्या लक्षात आलं असणार, कारण तिने पटकन मान खाली घातली आणि बांगडा नको इतका घासला.

“पुरला मा?” तिने विचारलं.

“पुरला,” मी म्हणाले, आणि तिच्या पाठीला बिलगले. “गो, हात घाण आसत माझे,” असं ती ओरडत राहिली, पण उठली नाही.

मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली तेव्हा माझा डबा तसाच उघडा होता. मी तन्वीला बोलावून घेतलं. तिच्या बाजूला बसले आणि तो कागद मागितला. तिने वहीतून काढून दिला. सहाही गोल फिकट पेन्सिलीने भरलेले, ‘कधीच नाही’चे.

“पेनने का नाही भरलंस?”

तिने वही बंद केली. मग म्हणाली, “आमची बिल्डिंग खाली करतायत बाई. कुठे जायचं ते ठरत नाहीये. मम्मी म्हणते, शाळा बदलायला लागेल बहुतेक. म्हणून आता हेच बरोबर आहे. पण नंतर काही वेगळं झालं तर? पेनने केलं की खोडता येत नाही ना.”

बेरीज केली तर तिचा आकडा वर्गात सगळ्यांत कमी आला असता. चाळीस वर्षांपूर्वी माझ्या आईला हा कागद दिला असता तर तिचाही तेवढाच आला असता, आणि तो बघून मी पुन्हा एकदा गच्चीवर जाऊन रडले असते.

मी कागदावर वर लिहिलेली पेनची सूचना आडवी रेघ मारून खोडली आणि कडेला सही केली. निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या बाईला कोण विचारतं! मग तिच्या आईचा नंबर घेतला. म्हटलं, शाळा न बदलता काय करता येईल ते त्यांच्याशी बोलून बघते, कुणाकडे राहायची सोय, पासाचं वगैरे. तन्वी ऐकत होती. चेहऱ्यावर काही दाखवत नव्हती. ही सवय मला ओळखीची आहे.

“कागद माझ्या कपाटात राहील,” मी म्हणाले. “तसाच, पेन्सिलीचा.”

तिने मान डोलावली, दारापर्यंत गेली आणि थांबली. परत आली. कंपासपेटी उघडून तिने आपला खोडरबर काढला, कोपरे झिजलेला, आणि माझ्या टेबलावर कागदाशेजारी ठेवला.

“हा पण ठेवा बाई,” ती म्हणाली. “पुढच्या जूनला लागेल.”